कॅमेरा कुणी धरलाय? (अवकाशावरचे टीव्ही कार्यक्रम)

कोयनाकाठ

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, त्यावर हा धागा.

२३ ऑगस्ट २०२३. चंद्रयान ३ उतरायचं होतं आणि आमच्या कराडच्या घरात अर्धी गल्ली जमली होती, कारण टीव्ही आमचा मोठा. आजीची संध्याकाळची मालिका बुडाली म्हणून ती घुश्शात होती, पण उठून गेली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत शेंगा फोडत बसली होती. पडद्यावर एकीकडे बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातली मंडळी, एकीकडे उंचीचे आणि वेगाचे आकडे, आणि मधोमध चार पायांचं विक्रम लँडर झोकात खाली निघालेलं, खालून चंद्र सरकतोय. सगळे श्वास रोखून बसलेले. तेवढ्यात आजी म्हणाली, "यान तर अजून खाली पोचलंच न्हाई. मग ह्येचं शूटिंग कोण करतंय? कॅमेरा कुणी धरलाय रं?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं, पेढे झाले, फटाके झाले. रात्री मी तिला समजावलं की ते ॲनिमेशन होतं, म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र. "म्हंजे खोटं." मी म्हटलं, खोटं नाही गं, आकडे खरे, चित्र काढलेलं. "मग तसं खाली ल्ह्याचं की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून अवकाशावरचा कुठलाही कार्यक्रम लावला की माझं लक्ष तिथंच जातं. खरं चित्र कुठलं, काढलेलं कुठलं? तुम्ही पाहिलेल्या कार्यक्रमांबद्दल लिहा. आजीला (वय ८३) आणि मुलाला (वय ९) काय दाखवू तेही सांगा. हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, मी शेजारी बसून सांगेन.

रात्रपाळी

रुमाल टाकून ठेवतो. आजींना दंडवत.

जुना_अँटेना

छान विषय. आमच्या पिढीचं दुखणं वेगळंच. चित्र खरं की खोटं हा प्रश्न पडायला आधी चित्र तर दिसायला हवं!

आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९, सोमवार, सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती. मी पाचवीत, गिरगावात चाळीत. जगभरचे लोक टीव्हीला चिकटलेले, आणि मुंबईत टीव्हीच नव्हता. तो आला २ ऑक्टोबर १९७२ ला. देशात काय ते दिल्लीला केंद्र होतं. चाळीत दोन रेडिओ. एकाला व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं, निम्मं खरखरीत. त्या खरखरीत कुणीतरी इंग्रजीत बोलतंय, आमचे एक काका मराठी करून सांगतायत आणि खालून आई ओरडतेय की शाळेला उशीर होतोय. पुढे कधीतरी सिनेमाआधीच्या न्यूजरीलमध्ये ते दृश्य पाहिलं. धुरकट, भुतासारखी हलणारी आकृती. माझी निराशा झाली होती, खोटं कशाला बोलू? रेडिओवरचा चंद्र जास्त छान होता.

शंकासुर

@कोयनाकाठ, आजींचा प्रश्न लाखमोलाचा आहे. चांद्रमोहीम बनावट म्हणणारे नेमकं हेच विचारतात: आर्मस्ट्राँग पहिला, मग तो उतरताना बाहेर शूटिंग कोण करत होतं? फरक एवढाच की आजी उत्तर ऐकायला थांबतात.

तर उत्तर असं. ईगल यानाच्या खालच्या भागाला, शिडीच्या बाजूला, सामानाचा एक कप्पा होता. कॅमेरा त्यात. शिडीच्या वरच्या टोकाला असताना आर्मस्ट्राँगने एक कडी ओढली, कप्पा झोपाळ्यासारखा खाली उघडला आणि कॅमेऱ्यासमोर शिडी आली. कॅमेरा बसवलाच होता उलटा, त्यामुळे पृथ्वीवर पहिलं चित्र डोकं खाली पाय वर असं आलं. ते सुलटं करायचं बटण पृथ्वीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या केंद्रावर होतं, ते कुणीतरी दाबेपर्यंत सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. नंतर त्यानेच तो कॅमेरा काढून जरा लांब तिकाटण्यावर उभा केला.

@जुना_अँटेना, ती आकृती भुतासारखी का दिसली तेही ऐका. चंद्रावरून येणारं चित्र सेकंदाला फक्त १० फ्रेम आणि ३२० ओळींचं होतं. अमेरिकेतल्या घरच्या टीव्हीला ३० फ्रेम आणि ५२५ ओळी लागायच्या. मग केलं काय, तर आलेलं चित्र एका पडद्यावर दाखवलं आणि त्या पडद्यासमोर साधा टीव्ही कॅमेरा लावला! लग्नाच्या कॅसेटचं आपण टीव्हीसमोर मोबाइल धरून शूटिंग करतो ना, तोच प्रकार. ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर मूळ सिग्नल बराच चांगला दिसला होता. तो टेपवरही होता. पुढे टेपांचा तुटवडा पडला तेव्हा त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या, असं नासाने २००९ मध्ये शोधाशोध करून जाहीर केलं. जगातलं सगळ्यात महाग रेकॉर्डिंग, आणि त्यावर पुढे काय भरलं देव जाणे.

अवांतर: अपोलो ११ चे जे सुंदर स्थिरफोटो आपण पोस्टरवर बघतो त्यात जवळजवळ सगळीकडे त्याचा जोडीदार आल्ड्रिन आहे. कारण फोटोचा कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या छातीवर होता. चंद्रावर गेलेला पहिला माणूस त्या प्रसिद्ध फोटोत दिसतो तो आल्ड्रिनच्या काचेत, इवलासा.

निळी_पेन्सिल

म्हणजे घरातला जो फोटो काढतो तो अल्बममध्ये नसतोच, तसं. आमच्या बाबांचे तरुणपणचे मिळून चार फोटो आहेत.

शंकासुर

अगदी.

आणि अपोलो १२ राहिलं. नोव्हेंबर १९६९. या वेळी रंगीत कॅमेरा. ॲलन बीनने तो तिकाटण्याकडे नेताना चुकून सूर्याकडे फिरवला, आतली नळी जळाली, प्रक्षेपण खलास. त्याने हातोडीने ठोकूनही पाहिलं (आपल्या टीव्हीला आपण थापटायचो तसंच). इकडे अमेरिकी वाहिन्यांनी तासन् तास राखून ठेवलेले. एका वाहिनीने चक्क कळसूत्री बाहुल्या नाचवून अंतराळवीर काय करतायत ते दाखवलं. मला विचाराल तर हे आजच्या ॲनिमेशनपेक्षा प्रामाणिक, कारण बाहुलीला कुणी खरं समजत नाही.

खोडदकर

जुना_अँटेना यांच्या प्रतिसादात एक भर. १९६९ ला मुंबईत टीव्ही असता तरी थेट चित्र आलंच नसतं. परदेशाशी उपग्रहामार्फत जोडणारं देशातलं पहिलं व्यावसायिक केंद्र आमच्या भागात, नारायणगावजवळ आर्वीला झालं, ते १९७१ साली. विक्रम साराभाईंचं नाव आहे त्याला. लहानपणी एसटीतून ती तबकडी दिसली की घर आलं म्हणायचं. आता खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या झाल्यात, त्यामुळे पाहुण्यांना कुठली कशाची ते समजावण्यात आमचा जन्म चाललाय. एक टेलिफोन-टीव्हीची होती आणि दुसऱ्या आकाशाचं ऐकतात, एवढं सांगून मी थांबतो.

पोटॅशियम

इतक्या प्रतिसादांत कॉसमॉस मालिकेचं नाव नाही? खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची! १९८० साली अमेरिकेत लागली, तेरा भाग, नंतर आपल्या दूरदर्शनवरही आली. मी सहावीत होतो. इंग्रजी अर्धंही कळायचं नाही, पण ते व्हँगेलिसचं संगीत सुरू झालं की अंगावर काटा. विश्वाचं सगळं आयुष्य एका वर्षाच्या कॅलेंडरात बसवून माणसाचा लिखित इतिहास ३१ डिसेंबरच्या शेवटच्या काही सेकंदांत दाखवतो तो. वडिलांनी त्या रात्री भिंतीवरचं कालनिर्णय काढून मला पुन्हा समजावलं होतं.

दहाव्या भागात तर तो तमिळनाडूत येतो. दारासुरमचं चोळकालीन देऊळ, पोंगल, नटराजाची मूर्ती. ब्रह्मदेवाच्या एका अहोरात्राचे ८.६४ अब्ज वर्षं हा हिशेब सांगतो आणि म्हणतो की आधुनिक विज्ञानाच्या आकड्यांच्या जवळपास जाणाऱ्या कालगणना प्राचीन जगात सहसा सापडत नाहीत. "त्यांना आधीच माहीत होतं" असली हाळी तो देत नाही, योगायोगच असावा हेही सुचवतो.

शंकासुर

कॉसमॉस मलाही आवडते, पण धाग्याच्या प्रश्नावर ती नापास. तो कल्पनायानात बसून आकाशगंगा हिंडतो. कॅमेरा कुणी धरलाय?

पोटॅशियम

नाही पटलं. कल्पनायान आहे हे तो पहिल्याच भागात नाव घेऊन सांगतो. आजींची अट "तसं खाली ल्ह्याचं की" एवढीच होती. सेगन ती पाळतो. पाळत नाहीत ते आजचे. २०१४ मध्ये नील टायसनने केलेली नवी कॉसमॉस घ्या. चकचकीत आहे, मी दोनदा पाहिली, पण कृष्णविवर इतकं हुबेहूब फिरतं की माझ्या मुलीला ते कुणीतरी जाऊन शूट केलंय असंच वाटलं.

निळी_पेन्सिल

माझं काम चित्रांचं, म्हणून तिसरा कप्पा सांगते. खरं आणि काढलेलं यांच्या मधला: रंगवलेलं. हबल या अवकाश दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले ते धुळीचे खांब आठवा. प्रकाश खराच, दुर्बिणीने टिपलेला. पण वेगवेगळ्या गाळण्या लावून कृष्णधवल चित्रं घेतली आणि मग गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे रंग नेमून दिले. प्रत्यक्षात हायड्रोजन आणि गंधक दोन्ही तांबडेच दिसतात, मग वेगळे ओळखू कसे येणार? म्हणून हा खटाटोप. वेब दुर्बीण तर मुख्यतः अवरक्त किरणांत बघते, आपल्या डोळ्याला न दिसणारे. तिथे रंग द्यावेच लागतात. नकाशात समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी असतो, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. पण नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते. टीव्हीवर ती गाळतात.

कोयनाकाठ

सूची! हाच शब्द मला सापडत नव्हता.

पावसाळी_पाहुणी

इंग्लंडातून लिहितेय, लेस्टरला असते. इथलं "द स्काय ॲट नाइट" कुणी पाहिलंय का? पहिला भाग २४ एप्रिल १९५७ चा. म्हणजे स्पुटनिक हा पहिला उपग्रहसुद्धा अजून उडायचा होता! पॅट्रिक मूर नावाचे गृहस्थ, एका डोळ्यावर चष्मा, पँट नेहमी आखूड वाटणारी, बोलण्याचा वेग आपल्या क्रिकेट समालोचकांना लाजवणारा. महिन्यातून एकदा, रात्री उशिरा. डिसेंबर २०१२ मध्ये ते गेले तोपर्यंत तेच करत होते. पंचावन्न वर्षांत एकच भाग चुकला, २००४ साली, हंसीच्या अंड्यातून विषबाधा झाली म्हणून. सुरुवातीला थेट प्रक्षेपण असायचं तेव्हा एकदा बोलता बोलता माशी तोंडात गेली. ती गिळून पुढचं वाक्य पूर्ण केलं.

त्यात फारसं दाखवायचे नाहीत. या महिन्यात अमुक ग्रह अमुक दिशेला, हा नकाशा, आणि बाहेर जाऊन बघा. इथे महिन्यातले वीस दिवस ढग, तरी लोक बघायचे. माझ्या शेजारच्या आजोबांनी निवृत्तीनंतर त्यापायी दुर्बीण घेतली आणि मला शनीची कडी पहिल्यांदा त्यांच्या परसात दिसली. डिसेंबरात, दोन स्वेटरवर कोट घालून. एवढीशी, पिवळट, टाचणीच्या टोकावर चिकटवल्यासारखी. कुठल्याही मालिकेतल्या शनीपेक्षा ती छोटी होती आणि मी पाच मिनिटं काचेला डोळा लावून उभी होते.

तुळशीपत्र

आमच्याकडची खग्रासची गोष्ट सांगते. २४ ऑक्टोबर १९९५. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेलं, म्हणजे ऐन दिवाळीत ग्रहण. सासूबाईंनी चकली, चिवडा, करंज्या, सगळ्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवलेली आणि घरात कुणी काही खायचं नाही. टीव्ही मात्र बघायचा, कारण टीव्हीतल्या ग्रहणाचे वेध लागत नाहीत असा निकाल सासऱ्यांनी दिला!

दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण. समजावायला प्रोफेसर यशपाल. टर्निंग पॉइंटमध्ये प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे तेच, विस्कटलेले पांढरे केस, हिंदी-इंग्रजीची खिचडी. राजस्थानात आणि बंगालमध्ये कॅमेरे लावलेले. हिऱ्याची अंगठी दिसली त्या क्षणी ते समजावायचं सोडून लहान मुलासारखे हरखले. घरात एकदम शांतता. मिनिटभरात संपलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच होय?" आणि आत जाऊन स्वतःच तुळशीपत्रं काढायला लागल्या. मोक्ष व्हायला अजून वेळ होता, पण कुणी बोललं नाही. त्या सकाळची चकली मी विसरणार नाही.

याउलट हल्ली ग्रहण आलं की एका मराठी वृत्तवाहिनीवर बारा राशींवरचा परिणाम तीन तास चालतो आणि ग्रहण कोपऱ्यातल्या चौकटीत.

वेरूळचा_दगड

वृत्तवाहिन्या परवडल्या. परग्रहवासी इथं येऊन सगळं बांधून गेले म्हणणाऱ्या परदेशी मालिकांचं काय? आमच्या कैलास लेण्यालाही त्यांनी सोडलं नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत आणला, भिंतींवर आजही छिन्नीचे घाव मोजता येतात. ते घाव दाखवत नाहीत, ढगांतून उतरणारी तबकडी दाखवतात. छिन्नी कुणी धरली होती, हे विचारा म्हणावं.

जुना_अँटेना

+१. नारळीकर सरांची "ब्रह्मांड" दूरदर्शनवर लागायची, ती मिळाली तर मुलाला नक्की दाखवा. चकचकाट शून्य. सर समोर उभे राहून शांतपणे बोलतायत. मे २०२५ मध्ये सर गेले त्या दिवशी मी दोन भाग पुन्हा लावले. नातू दहा मिनिटांत उठून गेला, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

रात्रपाळी

रुमाल उचलतो. माझं मत जरा वेगळं. मला काही दिसलंच नाही असे कार्यक्रम सगळ्यात जास्त लक्षात राहिलेत.

मंगळयान, २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ. इंजिन चालू असताना यान मंगळाच्या आड, आणि तिथून सिग्नल यायलाच साडेबारा मिनिटं. दाखवायला काय होतं? खुर्च्यांत बसलेली माणसं. कुणी पेन चावतोय, कुणी चष्मा पुसतोय. मग एकदम टाळ्या.

आणि चंद्रयान २. ७ सप्टेंबर २०१९, रात्री पावणेदोनचा सुमार. मी कंपनीच्या कँटीनमध्ये, सात-आठ जण एका मोबाइलभोवती. पडद्यावर ठरलेल्या वाटेची लाल रेघ आणि तिच्यावरून सरकणारा हिरवा ठिपका. आमच्यातल्या कुणालाही त्यातलं काही कळत नव्हतं. पण ठिपका रेघ सोडून जरा खाली घसरला आणि थांबला, तेव्हा फोर्कलिफ्ट चालवणारा आमचा पोरगा सगळ्यात आधी म्हणाला, "गेलं." निवेदक अजून बोलतच होता. अधिकृत घोषणा झाली ती नंतर, २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं अशी.

म्हणून २०२३ ला मी मधल्या ॲनिमेशनकडे बघितलंच नाही. आकडे बघत होतो. उभा वेग शून्याकडे चाललाय का, एवढंच. आजींना म्हणावं, खरं शूटिंग त्या आकड्यांत होतं.

शंकासुर

सुंदर प्रतिसाद. त्याच धर्तीवर, अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी यानातून केलेलं टीव्ही प्रक्षेपण एकाही अमेरिकी वाहिनीने थेट दाखवलं नव्हतं. लोकांना कंटाळा आला होता म्हणे. ते संपून दहा मिनिटंही झाली नसतील, तोच प्राणवायूची टाकी फुटली. मग सगळे धावत आले.

आजींसाठी माझी शिफारस: अपोलो १७, १४ डिसेंबर १९७२, चंद्रावरून माणसांचं शेवटचं उड्डाण. दोघंही यानात बसलेत, बाहेर कुणी नाही, आणि तरी कॅमेरा यानामागे मान वर करत जातो! कॅमेरा होता चंद्रावर सोडून दिलेल्या गाडीवर. आणि तो धरला होता पृथ्वीवर, ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या एड फेंडेलने. सिग्नल जायला सव्वा सेकंद, चित्र परत यायला सव्वा सेकंद. यान उडालेलं बघून बटण दाबलं तर ते केव्हाच चौकटीबाहेर. म्हणून तो बघतच नव्हता. मोजणीवर, आधीच आज्ञा पाठवत होता. आधीच्या दोन मोहिमांत जमलं नव्हतं. या वेळी जमलं.

पोटॅशियम

मालिकांमध्ये रॉकेट बॉइज राहिली. भाभा आणि साराभाई. अभिनय उत्तम, रॉकेट केंद्र झालेलं थुंबाचं चर्च, सायकलवरून रॉकेटचे भाग, सगळं आहे. पण खलनायक हवा म्हणून एक शास्त्रज्ञ कल्पनेतून उभा केलाय आणि माझ्या भाच्याने त्याचं नाव परीक्षेत लिहिलं. सूची, सूची!

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रविवारी प्रयोग केला, त्याचा वृत्तांत.

मुलाला अपोलो १७ चं उड्डाण प्रचंड आवडलं. सहा वेळा लावायला लावलं आणि मग बहिणीला गच्चीवरून चेंडू टाकायला सांगून खाली मोबाइल घेऊन "मोजणीवर" शूटिंग केलं. चेंडू एकदाही चौकटीत आला नाही. सातव्यांदा मोबाइल पडला. काच गेली. @शंकासुर, बिल पाठवतो.

आजीला आधी इस्रोने दुसऱ्या दिवशी दिलेली खरी चित्रफीत दाखवली, विक्रमच्या पोटाखालच्या कॅमेऱ्याने उतरताना घेतलेली. करडी जमीन, खड्डे, जवळ जवळ येणारे. "ह्ये खरं?" म्हटलं, हे खरं. "त्या दिवशीचं ह्यापेक्षा देखणं हुतं," म्हणाली.

मग ३० ऑगस्टचा फोटो काढला. चंद्राच्या मातीवर उभा विक्रम, प्रज्ञान गाडीने घेतलेला. तिला सांगितलं, हा कॅमेरा त्या गाडीने धरलाय. आणि गाडीचा फोटो? तो यानाने काढलाय. तिने चष्मा लावून दोन्ही फोटो बराच वेळ आळीपाळीने बघितले.

"म्हंजे दोघंच हुती तिथं. येकमेकांचं फोटू काढत."

हो म्हटलं.

"आमच्या लग्नात येक काढला. त्यात बी तुझ्या आजोबाचं तोंड तिकडं," असं म्हणाली आणि रिमोट मागितला.